सोळा एम.बी.त बसवलेलं रजिस्टर

"मॅडम, हे चालू होऊन राहिलं का आतमंधी भात शिजून राहिला?"

टेंभरे सिस्टरांनी हे विचारलं तेव्हा नोंदणीच्या टेबलासमोर चाळीसेक माणसं उभी होती आणि पडद्यावर वाळूचं घड्याळ. आत डिस्क घरघरत होती. चार मिनिटं झाली तरी माझा प्रोग्रॅम उघडला नव्हता. सिस्टरांनी आणखी थोडी वाट पाहिली, मग खण उघडून जुनं लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर काढलं आणि पहिल्या बाईला म्हणाल्या, "सांग वो माय, नाव काय तुझं?"

मी बाजूला उभी. कान गरम झालेले.

ही गोष्ट २००० सालची. गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या चौकातून थोडं आत एका ट्रस्टचं छोटं हॉस्पिटल होतं. तिथल्या डॉक्टर पटले बाई सिकलसेलच्या मागे लागल्या होत्या. आमच्या भागात हा रक्ताचा आजार घराघरात आहे. आई-बापाकडून येतो. काहींच्या रक्तात तो नुसता मुक्कामाला असतो, त्यांना वाहक म्हणतात. त्यांना सहसा त्रास होत नाही. काहींना मात्र तो प्रत्यक्ष होतो, आणि मग सांधे असे दुखतात की मोठी माणसं जमिनीवर लोळतात. डॉक्टर बाई गावोगाव रक्त तपासायच्या. वाहकाला पिवळं कार्ड, रुग्णाला लाल. हजारो नावं झाली, रजिस्टरं फुगली, एक नाव शोधायला अर्धा तास लागू लागला. तेव्हा कोणीतरी दान म्हणून तीन संगणक पाठवले. शहरातल्या कुठल्यातरी कचेरीने बाजूला काढलेले. प्रत्येकात मेमरी सोळा एम.बी.

त्यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहायचं काम आमच्या गोंदियाच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटकडे आलं, आणि तिथून माझ्याकडे. मी तिथे शिकवायची. वय चोवीस.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते. संगणकाची डिस्क म्हणजे घरातली कोठी आणि मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. काम ओट्यावर होतं. ओटा लहान असला की एक भांडं उचलून कोठीत ठेवा, दुसरं काढा, पुन्हा पहिलं आणा, असं सुरू होतं. डिस्क घरघरते ती यामुळेच. आणि पडद्यावर खिडक्या, बटणं, याद्या दाखवणारा प्रोग्रॅम दोन रीतींनी लिहिता येतो. एक सोपी रीत: तयार बटण उचलायचं, फॉर्मवर ओढून ठेवायचं, झालं. पण त्या एका बटणासोबत त्याचं सगळं खानदान ओट्यावर येऊन बसतं. दुसरी रीत: प्रत्येक खिडकी, प्रत्येक बटण, प्रत्येक अक्षर स्वतः हाताने काढायचं. माऊस हलला, काय करू? की दाबली, काय करू? खिडकी झाकली गेली होती, आता उघडी पडली, पुन्हा रंगवू का? संगणक हे सारखं विचारत राहतो आणि प्रत्येकाला उत्तर लिहून ठेवावं लागतं.

मी पहिली रीत वापरली होती. आठ दिवसांत प्रोग्रॅम तयार. गोंदियाच्या आमच्या नव्या मशीनवर तो भिंगरीसारखा पळायचा. कोहमाऱ्याला त्याने मान टाकली.

परत आल्यावर इन्स्टिट्यूटचे मालक म्हणाले, "बेटा, इसमें तेरी क्या गलती है? उनको बोलो नई मशीन ले लें. सब जगह यही होता है."

"सर, त्यांना नवी मशीन कोण देणार?"

"वो अपना हेडेक नहीं है."

या वाक्याने मला जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही.

माझे बाबा इटियाडोह धरणाच्या कालव्यावर पाणी सोडायच्या कामाला होते. धरणाजवळच्या शेताला पाणी देणं कोणालाही जमतं, दार उघडलं की झालं. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, ज्याला सगळे टेल म्हणतात, तिथल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी पोचवणं हे काम. बाबा त्यासाठी सायकलवरून दिवसभर कालवा धरून फिरायचे, वरच्यांशी भांडायचे. मी त्यांना मालकांचं बोलणं सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "पानी भरपूर असलं का मंग कालवेवाला कायले पायजे?" आणि भात कालवू लागले.

मी डॉक्टर बाईंकडे गेले. "मला चार महिने द्या. हेच संगणक, हीच मेमरी. मी पुन्हा लिहिते."

"चार महिने?" बाईंनी चष्मा काढला. "आठ दिवसांत केलं होतंस ना?"

"ते माझ्या सोयीचं होतं."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "बरं. पण इथेच बसून लिही. काम कसं चालतं ते डोळ्यांनी बघ."

ही अट माझ्यासाठी शाळा ठरली. मी पाहिलं, टेंभरे सिस्टरांचा डावा हात कायम कशात ना कशात गुंतलेला. कधी रक्ताची नळी, कधी कोणाचं लेकरू. माऊस धरायला त्यांच्याकडे हातच नव्हता. म्हणून सगळा प्रोग्रॅम एका हाताने, नुसत्या कीबोर्डवर चालेल असा केला. तयार बटणांच्या रीतीत मला हे सुचलंही नसतं. तिथे जे मिळतं ते आपण घेतो.

सगळ्यात अवघड होती ती नावांची यादी. नऊ हजार नावं एकदम मेमरीत आणली की ओटा भरला. मी आठवडाभर डोकं धरून बसले आणि मग लक्षात आलं की पडद्यावर एका वेळी दिसतात फक्त अठरा ओळी. मग आणायच्याही अठराच. सिस्टर खाली सरकल्या की पुढच्या ओळी डिस्कवरून वाचायच्या, वरच्या सोडून द्यायच्या. सिस्टरांना वाटायचं सगळी नऊ हजार माणसं तिथेच बसली आहेत. प्रत्यक्षात अठरा.

साडेचार महिने लागले. सोमवारच्या ओपीडीला प्रोग्रॅम लावला. सिस्टरांनी एन्टर दाबलं आणि खिडकी समोर आली. त्या दचकल्या. त्यांनी तो बंद केला, पुन्हा उघडला. मग माझ्याकडे न बघता लाल रजिस्टर उचलून कपाटात ठेवलं. त्या दिवशी मला मिळालेलं कौतुक एवढंच, आणि ते मला पुष्कळ झालं.

दुपारी बारा वाजता अक्षरं गायब होऊ लागली. आधी बटणांवरची, मग यादीतली. शेवटी नुसत्या करड्या चौकटी उरल्या. संगणक बंद करून चालू केला की ठीक, दोन तासांनी पुन्हा तेच. दोन दिवस ओळ न् ओळ वाचून काढली. पडद्यावर अक्षर काढायला संगणकाकडून फाँट मागून घ्यावा लागतो आणि काम झालं की परत द्यावा लागतो. मी दर ओळीला नवा मागत होते, परत द्यायला विसरले होते. एका ओळीची चूक. सोप्या रीतीत ती परतफेड आपोआप होते, हेही सांगितलं पाहिजे.

पण त्याहून मोठी चूक पुढे दिसायची होती.

२००३ मध्ये सुनीता नावाची अकरा वर्षांची मुलगी हॉस्पिटलात आणली. गुडघे, कंबर, पाठ, सगळं दुखत होतं. ती ओरडायची थांबायची तेव्हा जास्त भीती वाटायची. तिच्याकडे पिवळं कार्ड होतं, म्हणजे वाहक. डॉक्टर बाईंनी पुन्हा रक्त तपासलं. ती रुग्ण होती. जवळजवळ वर्षभर तिला गोळ्या मिळायला हव्या होत्या, पाणी भरपूर प्यायला सांगायला हवं होतं, थकायचं नाही असं बजावायला हवं होतं. ती बिचारी धानाच्या रोवणीच्या चिखलात आईसोबत दिवसभर राबत होती.

मी नोंदी उघडल्या. त्याच गावात दुसरी एक सुनीता होती. बापाचं नावही तेच, देवराम. आडनावं वेगळी, पण दोन्ही "कुंभ"नेच सुरू होणारी. मेमरी वाचवायला यादीत मी नावासाठी मोजकीच जागा ठेवली होती. मराठी लिहायचं आजचं युनिकोड तेव्हा आमच्यापर्यंत आलं नव्हतं. जुन्या फाँटमध्ये मराठीचं एक अक्षर दोन-दोन, तीन-तीन घरं खायचं. त्यामुळे यादीत दोन्ही नावं एकाच ठिकाणी तुटत होती: सुनीता देवराम कुंभ. शिबिराच्या गर्दीत कार्ड लिहिणाऱ्याने पहिल्या सुनीतासाठी वरची ओळ उघडली, दुसरीसाठी उरलेली खालची. त्याची चूक नव्हती. दोन ओळी तंतोतंत सारख्या दिसत होत्या.

सुनीता नऊ दिवस हॉस्पिटलात होती. दुसऱ्या मुलीला लाल कार्ड गेलं होतं, तेही बदललं.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "सगळ्यांना सांगितलंय, संगणकाची चूक झाली."

"संगणकाची नाही झाली बाई."

सुनीता घरी गेल्यावर मी तिच्या गावी गेले. तिची आई अंगणात धान वाळवत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं की त्या यंत्रातलं रजिस्टर मी लिहिलं, नावाला जागा कमी मी ठेवली, म्हणून हे झालं. तिने ऐकून घेतलं. हातातलं सूप खाली ठेवलं नाही.

"पिवळं कार्ड पाहून आमी निश्चिंत राहिलो जी," ती म्हणाली. "पोरगी पाय दुखते म्हने, मी म्हनलं कामचुकार झाली. मारलं बी एकदा."

तिने सूप पुन्हा पाखडायला घेतलं.

मग ती म्हणाली, "सारे म्हनून राहिले मशीन चुकली. मशीनले का विचारू मी? तुमी आल्या, बसा. पानी आनते."

परत आल्यावर मी यादीत पूर्ण नाव, वय आणि मोहल्ला घेतला. कार्ड लिहिण्याआधी मोठ्या अक्षरात सगळी माहिती दाखवून "हीच का?" असं विचारणारी खिडकी घातली. त्याला किती मेमरी लागली? अठराच ओळी असल्यामुळे, जवळजवळ काहीच नाही. म्हणजे जी जागा मी वाचवली होती ती वाचवायची गरजच नव्हती. काटकसरीची सवय लागली की हात कुठे आवरायचा ते कळत नाही. कोणी माझ्या कामाचं कौतुक केलं की मी आधी सुनीताची गोष्ट सांगते. ती दहावी झाली, तब्येत सांभाळून आहे. पण ते वर्ष मी तिला परत देऊ शकत नाही.

म्हणून माझी रीत चुकीची होती असं मात्र मी म्हणणार नाही. तेव्हाही म्हटलं नाही, आणि २०१० मध्ये निखिल आला तेव्हाही नाही.

निखिल नागपूरचा इंजिनिअर. अनेक हॉस्पिटलांसाठी मिळून एक नवा प्रोग्रॅम होणार होता, तो त्याने लिहिला होता. दिसायला देखणा: रंगीत आलेख, गोल कोपऱ्यांची बटणं. आमच्याकडची मशीन एव्हाना थोडी सुधारली होती. कोणी दिलेली एकशे अठ्ठावीस एम.बी.ची दोन, बाकी जुनीच. त्याच्या प्रोग्रॅमला पाचशे बारा लागायचे.

"मॅडम, मेमरी आता मातीमोल झाली आहे," तो मला डॉक्टर बाईंसमोर म्हणाला. "महाग आहे तो प्रोग्रॅमरचा वेळ. तुम्ही एका बटणासाठी चाळीस ओळी लिहिता. काऊन इतका त्रास?"

"मातीमोल ना? मग या मशीनला बसणारी मेमरीची पट्टी कोहमाऱ्याला कुठल्या दुकानात मिळते ते सांग. गोंदियात मी शोधली. बनायचीच बंद झाली आहे."

"तर मशीन बदला."

"तुझा वेळ वाचावा म्हणून?"

"सगळ्यांचाच वाचतो."

"तुझा एकट्याचा वाचतो, तोही एकदा. रांगेतल्या माणसाचा रोज जातो. मजुरी पाडून येतात ती माणसं. त्यांचा वेळ फुकटचा आहे का?"

तो हसला. तुच्छतेने नव्हे, पण हसला. मी म्हटलं, "गुरुवारी चोरखमाऱ्याच्या तलावाजवळच्या एका गावात शिबिर आहे. तुझा प्रोग्रॅम घेऊन ये."

तो आला. शाळेच्या वर्गात दोन बाकं लावली. एकावर जीपमधून आणलेला आमचा जुना डबा, दुसऱ्यावर त्याचा लॅपटॉप. बाहेर पोरांची रांग मैदान ओलांडून गेली होती. टेंभरे सिस्टर आमच्या बाकावर, त्यांचा उजवा हात कीबोर्डवर पळत होता. पहिला तास आम्ही पुढे होतो. मग वीज गेली. आमचा डबा काळा पडला, निखिलचा लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला.

"आता काय करता मॅडम?" तो म्हणाला. खरं सांगते, त्याच्या आवाजात काळजी होती.

मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. सकाळी निघतानाच नोंदी त्यावर उतरवून घेतल्या होत्या. वीज जाणारच, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. "तुझा लॅपटॉप सरकव इकडे."

माझा प्रोग्रॅम, फाँट, सगळ्या नोंदी, मिळून त्या पेनड्राइव्हचा कोपराही भरला नव्हता. त्याच्या लॅपटॉपवर तो बोट उचलायच्या आत उघडला. सकाळच्या तासाभराची नावं कागदी फॉर्मवर होतीच, ती सिस्टरांनी पुन्हा घातली आणि त्याच लॅपटॉपवर काम पुढे सुरू केलं.

"माझा तुझ्या मशीनवर चालला," मी म्हटलं. "आता वीज आली की तुझा माझ्या मशीनवर चालवून दाखव."

वीज आली. त्याने प्रयत्न केला. डिस्क घरघरू लागली. अर्ध्या तासाने त्यानेच तो बंद केला.

इथे गोष्ट संपवली तर मी खोटारडी ठरेन. दुपारी डॉक्टर बाई म्हणाल्या, "यात लग्न ठरलेल्यांची वेगळी नोंद हवी. दोघं वाहक असतील तर होणाऱ्या मुलाला आजार होऊ शकतो, आधी बोलता येईल." निखिलने चहा येईपर्यंत फॉर्मवर दोन चौकटी ओढल्या, नवी नोंद तयार. मला त्यासाठी आठवडा लागला असता. आणि दुसरं, ते त्याने मला सरळच विचारलं: "मॅडम, उद्या तुम्ही नसल्या तर हे कोण वाचेल?"

माझ्या प्रोग्रॅमच्या अकरा हजार ओळी माझ्याशिवाय कोणालाच कळत नव्हत्या. इन्स्टिट्यूटमध्ये इतक्या वर्षांत मी शेकडो मुलं शिकवली, पण ही रीत एकालाही नाही शिकवली. त्यांना नोकरी सोप्या रीतीवर मिळायची, मग मीही तेच शिकवलं. याची खंत आहे.

ट्रस्टचा निर्णय निखिलच्या बाजूने लागला. अनुदानातून नवी मशीन आली. जुन्या फाँटमधली नावं युनिकोडमध्ये आणायचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं, आणि सुनीताची गोष्ट मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितली. त्याच्या प्रोग्रॅममध्ये नाव कितीही लांब असलं तरी तुटत नव्हतं. ती त्याच्या रीतीची खरी ताकद, मी मान्य केली. पण नवा प्रोग्रॅम माऊसशिवाय हलत नव्हता. सिस्टरांशेजारी त्याला आठ दिवस बसवलं, तेव्हा त्याने तोही एका हाताचा केला. कुरकुर न करता.

२०१२ मध्ये ट्रस्टच्या ऑफिसातून निरोप आला, सही करायला या. तिथले कारकून बिसेन बाबू, त्यांनी भंगारात काढायच्या वस्तूंची यादी पुढे केली. लोखंडी खाटा सहा, स्ट्रेचर एक, संगणक तीन. त्याखाली: नोंदणीचा प्रोग्रॅम, एक. आणि समोर 'स्थिती' या रकान्यात सगळ्यांना एकच शब्द, वरून खालपर्यंत: निकामी.

"बाबू, हा कोपऱ्यातला संगणक लावा बरं जरा."

"कायले जी? तो तर जाऊन राहिला आता."

"लावा तर."

त्यांनी वायर जोडली. धूळ पुसली. संगणक उठायला वेळ लागला, तो त्याचा होता. मग मी माझ्या प्रोग्रॅमचं नाव निवडून एन्टर दाबलं आणि खिडकी आली. बाबूंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी आपल्या सुनेचं नाव टाकून पाहिलं. सापडलं.

"चालते तर हे," ते म्हणाले. "पन कालम भरा लागते ना मॅडम. निकामी लिहिल्याबिगर भंगारात जात नाई. ऑडिटवाले विचारतीन."

"विचारू द्या. माझ्याकडे पाठवा."

मी पेन घेतलं. प्रोग्रॅमसमोरच्या 'निकामी'वर आडवी रेघ मारली आणि त्याच्या वर लिहिलं: चालू स्थितीत. नव्यांच्या सोयीसाठी बंद केले. खाली सही केली.

बिसेन बाबूंनी ते दोनदा वाचलं. माझ्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं. मग शिक्का शाईत बुडवला आणि बरोबर माझ्या अक्षरांशेजारी मारला.